रिग्गईतली विक्का पंथाची पुरोहिता

सुरुची पाटणकर परिचारिका. आयर्लंडमध्ये नोकरीला असताना एका वयस्क सहकारिणीनं तिला विक्का पंथाची दीक्षा दिली होती. चंद्राला, ऋतूंना देवी मानणारा हा नवा पंथ. कुवेतच्या रिग्गई भागात राहायला आल्यावर तिनं इंटरनेटवर मराठी बायकांचं मंडळ काढलं. चेहरा झाकलेला, फक्त आवाज. दहा जणींच्या चारशे झाल्या. तिच्या शब्दावर कितीकांनी मोडलेले संसार, सुटलेली शिक्षणं पुन्हा हाती घेतली.

नवरा विश्वास मात्र रोज बजावायचा, "इथे याला सिहर म्हणतात, जादूटोणा. कुणी तक्रार केली तर दोघांचा इकामा, इथे राहायचा परवानाच, जाईल."

मार्चमध्ये वरच्या मजल्यावरची अंतरा दारात उभी राहिली. "ताई, मंडळातला आवाज तुमचाच ना? लिफ्टमध्ये ओळखला."

सुरुचीनं तिला घाईनं आत घेऊन दार लावलं. अंतरानं पिशवीतून नवऱ्याचा शर्ट काढला. "याच्यावर काहीतरी करा. हात लुळा पडू दे त्याचा."

"आमच्यात कुणाचं वाईट करत नाहीत गं."

"मग मी तुमच्या दवाखान्यात सांगते, तुम्ही कोण आहात ते!" ती तणतणत निघून गेली.

पुढचे चार दिवस सुरुचीला घास गिळवेना. पूजेचा पेला, छडी, मेणबत्त्या तिनं पिठाच्या डब्यात लपवल्या. दवाखान्यातल्या मॅनेजरनं बोलावलं तेव्हा तिला वाटलं, संपलं सगळं. निघालं काय, तर ड्यूटी बदलली होती. "मंडळ बंद कर," विश्वास म्हणाला. तिनं निरोपाचा मजकूर लिहिलाही, पण पाठवताना अंतराचं बोलणं आठवलं. हातच का? मरू दे म्हणाली नाही, हात म्हणाली.

ती तशीच वर गेली. अंतरानं दार किलकिलं केलं. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

"कधीपासून?"

"लग्नापासून," अंतरा म्हणाली आणि खालीच बसली.

सुरुचीनं विश्वासला गाडी काढायला लावली. तो कुरकुरला, पण मनगट पाहून त्यानं किल्ली उचलली. सरकारी हॉस्पिटलात हाड मोडल्याची नोंद झाली. "तुम्ही कोण यांच्या?" कारकुनानं विचारलं.

"बहीण आहे माझी," अंतरा म्हणाली.

दूतावासाच्या मदतीनं तीन आठवड्यांत अंतरा नाशिकला पोचली. सुरुचीच्या मंडळाबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मंडळ चालूच आहे; पण दर पौर्णिमेला बोलायला बसण्याआधी सुरुची दाराची कडी तीनदा तपासते.