पंप बोलला का?

दाजी कधी फोन करत नाहीत. त्यांना फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून घरातले सगळे फोन आक्काच घ्यायची आणि करायचीही तीच. त्या सकाळी फोनवर मात्र दाजींचाच आवाज आला. "बाळू, ती गेली बग. झोपेतच गेली. मला तुजं काय ऐकू येईना, तू ये," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. मी बीडहून कड्याला, त्यांच्या गावी, पोचेपर्यंत तेवढंच डोक्यात घुमत होतं... आज महिना उलटला, अजून घुमतंय.

आक्का माझी थोरली बहीण. मला तिनं कडेवर घेऊन वाढवलं आणि तो हक्क शेवटपर्यंत सोडला नाही. माझे केस पांढरे झाले तरी चारचौघांत "बाळ्या" म्हणायची. तिला मूलबाळ झालं नाही. घरात ती, दाजी आणि त्यांची जुनी पांढरी गाडी. गाडी पेट्रोलची, पेट्रोल ओढणारा पंप विजेवर चालणारा, आणि तो मागच्या सीटखाली टाकीत बसवलेला. किल्ली अर्धी फिरवली की तो क्षणभर गुणगुणतो आणि थांबतो. गुणगुणला की खुशाल गाडी चालू करायची, नाही गुणगुणला तर बॉनेट उघडायचं. पण दाजींचे कान पन्नाशीच्या आतच गेले, त्यांच्या वडिलांचे गेले होते तसेच. कानात यंत्र घातलं तरी पंपाचा तो बारीक आवाज त्यांना कळेना. तेव्हापासून आक्का पुढची सीट सोडून मागं, बरोबर पंपाच्या वर बसायला लागली. दाजी किल्ली फिरवून आरशात बघायचे, आक्का म्हणायची, "बोलला वो." मगच गाडी निघायची. ती सोबत नसली तर दाजी गाडी काढायचेच नाहीत, गावातल्या गावात सुद्धा.

त्या एका क्षणाला गाडीत कुणी तोंड उघडलेलं तिला चालायचं नाही. माझ्या लग्नात वरात याच गाडीतून निघाली. नवी नवरी बिचारी रडत होती, आणि माझ्या बायकोनं सासरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य म्हणजे, "बाई, जरा हुंदका आवर, पंपाला बोलू दे." बायको अजून हे सांगते, आणि हल्ली सांगताना मध्येच थांबते.

एकदा आम्ही तिघं नांदूरघाटला, आमच्या गावी निघालो होतो. वाटेत चहाला थांबलो आणि परत बसलो तर पंप गप्प. दाजींनी बॉनेट उघडलं, फ्यूज बघितला, तो धड होता. मग काडेपेटीएवढी एक काळी डबी उपटून दुसऱ्या डबीच्या जागी खोचली. या डबीला रिले म्हणतात; पंपाला वीज तिच्यातून जाते, आणि हॉर्नचीही डबी अगदी तशीच असते. हॉर्नची पंपाला लावून मला किल्ली फिरवायला लावली, लगेच मागून आक्का म्हणाली, "बोलला वो." म्हणजे दुखणं पंपाचं नव्हतं, डबीचं होतं. पण आता हॉर्न वाजेना. पुढं रस्ताभर मेंढरं आडवी आली तेव्हा आक्कानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडली, "सरका वो दादा, आमच्या गाडीचा हारन बंद हाय." मेंढपाळ वळून शांतपणे म्हणाला, "बंद कुटं हाय मावशे, लई लांबून ऐकू आला." आक्का गाव येईपर्यंत हसत होती. दाजींना ऐकू आलं नव्हतं, मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, मग तेही हसायला लागले आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.

मागच्या आठवड्यात कड्याला गेलो तर दाजी म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावलंय. ती गेली आन् तिच्यामागं गाडी बी गेली. कितीबी किल्ली मारली तरी सुरूच होईना." मी चरकलो. गाडी गेली की हा माणूस उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हे मला समोर दिसत होतं. बघून बघून मलाही थोडं येत होतं, म्हणून त्यांना किल्ली फिरवायला सांगून मागच्या दारातून कान दिला. काही नाही. फ्यूज धड होता. हॉर्नचा रिले पंपाला लावला, तरी गप्प. आता पंपच बघावा म्हणून मागच्या सीटवर गुडघा टेकला, आक्काच्या जागेवर... दाजींनी किल्ली फिरवली आणि खालून पंप गुणगुणला. गुडघा काढून पुन्हा फिरवायला लावली, परत गप्प. सीट उचलली. पंपाची अर्थिंगची तार जिथं पत्र्याला स्क्रूनं आवळलेली असते तिथं गंज चढून ती सुटली होती. वर कुणी बसलं की दाबून पत्र्याला टेकायची. तिथं कायम आक्का बसायची आणि तिच्याशिवाय गाडी कधी निघालीच नाही, म्हणून हे कुणाला कळलंच नव्हतं. मी दाजींचं बोट धरून त्या तारेवर ठेवलं आणि मोठमोठ्यानं सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू फुटलं. दाजी नुसते सीटवर हात फिरवत राहिले.

मग म्हणाले, "आवळ ती तार. न्हाईतर म्हणंल, माज्या नावानं चांगली गाडी मोडीत घातली."

पॉलिश पेपरनं गंज घासला, तार आवळली आणि दाजींच्या शेजारी पुढं येऊन बसलो. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली. मागं रिकाम्या सीटखाली पंप नीट गुणगुणला. "बोलला," मी ओरडून सांगितलं. दाजी गाडी सुरू करेनात. आरशात बघत होते.

"हितनं न्हाई," ते म्हणाले. "मागं बस आन् सांग."

मी उतरून मागं गेलो. आक्काच्या बाजूची गादी बसून बसून खोलगट झालेली आहे, तिथं बसलो. दाजींनी किल्ली परत फिरवली. आवाज कानाला यायच्या आधी अंगाला जाणवला. दाजी आरशातून माझ्याकडं बघत थांबले होते.

"बोलला वो," मी म्हणालो, ती म्हणायची तसंच.

दाजींनी गाडी सुरू केली, आणि आम्ही भंगारवाल्याला नको म्हणून सांगायला निघालो.