पाहुण्याचं बटण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे फार थोड्या आहेत, कारण बहुतेक तिला आधीच कळलेल्या असतात. ही मात्र कळली नाही. ज्या दिवशी घडली त्या दिवशी ती मुरबाडला बाजाराला गेली होती.

सांगायला घेतलं तर तुम्ही हसाल. गोष्ट रिमोटच्या एका बटणाची आहे. कुणाचा जीव गेला नाही, कुणाची जमीन गेली नाही. मग ही गोष्ट अजून घशात का अडकून आहे? — ते मला नीट सांगता येत नाही. सांगता येईल या आशेनं लिहायला बसलो आहे असंही नाही. बसलो आहे, एवढंच.

आधी माझ्याबद्दल. मी शहापूरच्या एका वाचनालयात नोकरी केली आणि निवृत्त झालो. त्या नोकरीत मी पुस्तकं पुष्कळ वाचली आणि उद्घाटनं त्याहून जास्त पाहिली. एका छताच्या पंख्याचं उद्घाटन झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आहेत, आणि फीत कापल्यावर तो पंखा फिरला नाही तेव्हा जरा जास्त मनापासून वाजवल्या आहेत. असा मी. हार, फेटा, निवेदक, ‘आपल्या सर्वांचे लाडके’ — यातलं काही दिसलं की माझी एक भुवई आपोआप वर जाते. ही सवय मी बरेच दिवस बुद्धीची खूण समजत होतो.

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे. वडील गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. मधोमध भिंत घातली, ओटा मात्र एकच राहिला. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे दादा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वाशिंदच्या एका कारखान्यात होता. तिथं त्याला घेतलं ते मशीन चालवायला नव्हे, चेंडू टाकायला. त्या काळी कारखान्यांचे बास्केटबॉलचे संघ असत, आणि आमच्या दादाची उंची दारात वाकावं लागेल इतकी. त्याला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले. पुढं मी वाचनालयात लागलो तेव्हाही वाटले. साखर वाटली, म्हणजे. पेढ्यांचं दुकान त्या दिवशी बंद होतं म्हणे. असेलही.

पण खरं सांगायचं तर मला त्याचा खेळ आवडायचा. कॉलेजात असताना मी वाशिंदला जाऊन त्याच्या मॅच बघायचो. सिमेंटचं मैदान, जाळी नसलेली रिंग, आणि बघायला दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी चहावाल्याची गिऱ्हाइकं. पुढं कारखान्यानं संघ मोडला. साहेब म्हणाला, ‘बघायला येतं कोण?’ दादानं घरी येऊन सांगितलेलं मला आठवतं: “मी बोललो, सायेब, माझा भाव येतो की.” भाव म्हणजे भाऊ, म्हणजे मी. सांगताना तो हसत होता. संघ गेला, दादा मशीनवर गेला, निवृत्त झाला.

आता त्या यंत्राकडे येतो. येतो म्हणतो, पण आतून कुणीतरी मागं ओढतं आहे.

एक दिवस कल्याणहून एक गृहस्थ आले. सभ्य, गळ्यात ओळखपत्र. लोक टीव्हीवर काय बघतात हे मोजणाऱ्या कंपनीसाठी त्यांना आमच्या भागात एक घर हवं होतं. टीव्हीशेजारी एक पेटी बसवायची आणि एक वेगळा रिमोट द्यायचा. त्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं एक बटण. टीव्हीपुढं बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. गवगवा करायचा नाही. “काका, तुमचं एक घर म्हणजे कितीतरी घरं धरतो आम्ही,” ते म्हणाले. आयुष्यभर मोठेपणाची टिंगल केलेला मी — हे ऐकून खुर्चीत ताठ बसलो. मग त्यांनी विचारलं, “घरात माणसं किती?”

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर डोकी मोजून देत नाहीत, चुली मोजून देतात. मी म्हणालो, “दोन. मी आणि ही.” दादा तेव्हा माझ्याच कॉटवर बसला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “भाऊ. चूल वेगळी.” त्यांनी मान हलवली आणि रिमोटवरचं शेवटचं बटण दाखवलं. दुसऱ्या घरचं कुणी बसलं तर हे दाबायचं. पाहुण्याचं.

त्यात माझं काही चुकलं नव्हतं. चूल वेगळीच होती. हो ना?

दादा रोज सकाळी माझ्याकडे यायचा तो बास्केटबॉलसाठी. अमेरिकेत रात्री खेळ चालतो तेव्हा आपल्याकडे सकाळ असते. त्याच्या घरी खेळाची वाहिनी नव्हती. माझ्याकडे ती मुलगा घरी होता तेव्हापासून चालू राहिलेली. दादा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून यायचा, जणू कीर्तनाला. इंग्रजी कळायचं नाही म्हणून आवाज अगदी बारीक करायचा. मग त्या उंच माणसांना नावं घेऊन सूचना द्यायचा. “आरं, दे त्याला, मोकला हाय तो! डोला फुटला काय तुजा?” कॉटखाली त्याचा उजवा पाय आपोआप हलायचा.

माझी बायको पोहे करता करता म्हणायची, “भावजी, तो बिचारा अमेरिकेत, त्याला तुमचं ऐकू कसं जाणार?”

“तेच तर ना. म्हणून हरतात,” दादा म्हणायचा.

मी पेपर उघडून बसायचो. टीव्हीवर धूर सोडून, दिवे मालवून, एकेका खेळाडूला नवरदेवासारखं आत आणायचे ते. माझी भुवई वर. “खेळ पावशेर आणि वरात शेरभर,” असं मी एकदा म्हणालो. दादा म्हणाला, “वरातीकडं बघू नको. नवऱ्याच्या पायाकडं बघ.” मी पेपरकडं बघितलं.

आणि बसल्या बसल्या तो रोज न चुकता विचारायचा, “बटान दाबलंस ना रे माझं?”

त्याला त्या पेटीचं फार कौतुक होतं. आपण बघतो हे कुठंतरी धरलं जातं, बघणारे आहेत म्हटल्यावर खेळ दाखवत राहतात — एवढं त्याला उमजलं होतं. आणि माझ्या मते त्याला बरोबरच उमजलं होतं.

मी म्हणायचो, “दाबलं.”

दाबलेलं नसायचं.

झालं. लिहिलं एकदाचं. पण नाही — मुख्य गोष्ट ही नव्हे. हिच्या मागं अजून एक आहे. थांबा.

का नाही दाबलं? मी स्वतःला पुष्कळ उत्तरं देऊन पाहिली. एक उत्तर असं की तो ज्या घरात जन्मला, त्याच घरात त्याच्यासाठी पाहुण्याचं बटण दाबायला माझा हात धजत नव्हता. उत्तर छान आहे. माझ्याबद्दल बरं मत होतं. पण मग संध्याकाळी माझा तो साहित्यचर्चेचा कार्यक्रम लागला की मी माझं बटण दाबायचोच, वर बायकोचंही दाबायचो, आणि ती तेव्हा मागल्या दारी वाल सोलत असायची! या घरात दोन विचारवंत राहतात अशी त्या कंपनीची समजूत झाली असेल. म्हणजे हात धजत होता. पुरेसा धजत होता. मग दुसरं उत्तर: कितीतरी घरांच्या नावानं उड्या मारणारी माणसं माझ्या खात्यावर पडू नयेत, ही प्रतिष्ठा. तिसरं उत्तर पेढ्यांचं. या तिन्हींतलं खरं कुठलं? का तिन्ही मिळून थोडं थोडं? मला खरंच कळत नाही. कधी वाटतं, मी फक्त आळशी होतो. मग वाटतं, आळशी माणूस रोज सकाळी खोटं बोलायचे कष्ट कशाला घेईल?

बटण दाबलं की पेटीवर दिवा लागायचा, पण बायकोनं विणलेलं झाकण तिच्यावर होतं. दादानं ते कधी उचलून पाहिलं नाही. माझ्या शब्दावर तो बसायचा.

आता ती बाजाराची सकाळ. बायको पहिल्या एसटीनं मुरबाडला गेलेली. दादा कॉटवर, समोर खेळ रंगात आलेला. आणि कल्याणचे ते गृहस्थ दारात. पेटी तपासायला आले होते. चहा झाला. मग जरा संकोचून ते म्हणाले, “काका, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे रोज सकाळी टीव्ही चालू दिसतो. बटण मात्र कुणाचंच नाही. समोर कोणी बसलेलं नसतं का?”

दादानं मान वळवली. माझ्याकडे नाही. त्यांच्याकडे.

त्या वेळी मी काय काय म्हणू शकलो असतो! ‘भाऊ बसतो, दाबायचं राहतं,’ एवढं पुरलं असतं. ते म्हणाले असते, दाबत जा, आणि गेले असते. दादानं मला एक शिवी घातली असती आणि पुन्हा खेळ बघितला असता. इतकं सोपं होतं ते.

मी म्हणालो, “कोणी नसतं. बंद करायचा राहून जातो.”

तो माणूस समोर बसलेला. गंध लावून. पाय हलायचा थांबलेला.

गृहस्थांनी कॉटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्याही लक्षात आलं असणार. आणि मग दादा बोलला. अगदी शांतपणे, त्यांच्याशी, जणू फार मोठा गुन्हा आपल्या हातून झालाय:

“मीच इसरतो सायेब. जाता येता लावतो न् बंद कराया इसरतो. मी काय बघत नाय. मी आपला सहज बसलोय.”

आणि त्यानं उठून टीव्ही बंद केला. खेळ चालू असताना. मग वाकून दारातून बाहेर गेला.

मला सांभाळून घेतलं त्यानं. कशापासून? मला काय होणार होतं? फार तर पेटी गेली असती. पुढं काही महिन्यांत ती तशीही गेलीच, दुसऱ्या कुणाच्या घरी. मग मी नक्की काय वाचवत होतो? हा प्रश्न मी रोज दात घासताना स्वतःला विचारतो आणि चूळ भरतो.

दुसऱ्या दिवशी दादा आला नाही. तिसऱ्याही. बायकोनं हाक मारली तर म्हणाला, “डोले दुखतात गो सकालचे.” त्यानंतर तो कधीच आला नाही. बोलणं तुटलं नाही. सणाला ताटं भिंतीच्या अलीकडे-पलीकडे येतात-जातात. वहिनीला काही माहीत नाही. त्याचा मुलगा वाशिंदहून येतो तेव्हा फोनवर त्याला बास्केटबॉलचे तुकडे दाखवतो. नुसते चेंडू रिंगमध्ये गेलेले. दादा बघतो आणि फोन परत देतो. “बॉल खाली पडलेलाच दाखवतात,” म्हणतो. “वर कसा नेला, ते?”

मग एकदा पेपरात छोटी बातमी आली. व्यावसायिक बास्केटबॉल टीव्हीवर बघणारे घटत चालले आहेत, तिकडेही आणि इकडेही. माणसं फोनवर तुकडे बघतात, पूर्ण सामना कुणी बघत नाही, वगैरे. त्यानंतर ती वाहिनी लावली तर सकाळी जुन्या कुस्त्या. मला ठाऊक आहे, माझ्या एका घरामुळे हे झालेलं नाही. एवढा हिशेब मला येतो. तरी ‘घटत चालले’ हे दोन शब्द वाचताना मला एक कॉट दिसली. रिकामी नव्हे. तिच्यावर माणूस बसलेला.

परवा सकाळी ओट्यावर पेपर वाचत होतो. दादा पलीकडच्या टोकाला, खांबाला टेकून. एसटी टोकावड्याकडं निघून गेली, धूळ खाली बसली. तो समोर रस्त्याकडं बघत म्हणाला, “बंद केला म्हणतात रे तो खेल. पोरगा सांगत होता.”

मी म्हणालो, “हां. वाचलं मी.”

तो हसला. साहेबाची गोष्ट सांगताना हसला होता तसाच.

“बघायला कोण नव्हता म्हणे.”

आणि मी — पेपर खाली न करता — म्हणालो, “हो ना.”