सासूबाईंच्या खोलीतला रेडिएटर

साठी उलटल्यावर प्रथमच लिहायला बसलेल्या बाईने वाचकांचा वेळ घ्यावा का, याचा मी बरेच दिवस विचार केला. उत्तर सापडले नाही, तरी लिहिते आहे. त्यातून विषय एका तुंबलेल्या नळीचा. हा आगाऊपणा पोटात घालावा.

इंग्लंडमध्ये, लेस्टरमधल्या आमच्या घरात खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरना गॅसवर तापवलेले पाणी पुरवणाऱ्या नळ्या जेमतेम शिसपेन्सिलीएवढ्या जाड आहेत. रेडिएटर आतून गंजत राहतात, त्याचा काळा गाळ साचतो आणि एखादी नळी गुपचूप बंद होते. बाकीचे घर उबदार असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही.

सासरे गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या. वसंतापर्यंत राहायचे ठरले होते, पण महिना व्हायच्या आतच त्या विचारू लागल्या, "परतीचं तिकीट लवकरचं मिळेल का गं?" कारण विचारले की म्हणत, "कारण कसलं? तिकडे घर बंद आहे." माझ्या यजमानांच्या मते त्यांना करमत नव्हते. मला मात्र वाटत राहिले, की माझ्याच वागण्यातले काहीतरी त्यांना खुपले असावे. आमचे नाते अदबीचे. सरळ विचारण्याइतकी जवळीक आमच्यात नव्हती.

आमच्याकडे दही रेडिएटरवरच्या फळीवर लावतात. एकदा स्वयंपाकघरातल्या फळीवर जागा नव्हती, म्हणून मी विरजलेले पातेले सासूबाईंच्या खोलीत ठेवले. सकाळी पाहते तो दूध होते तसेच. विरजण बिघडले, असे मी म्हणाले.

"विरजणाला नावं नको ठेवूस," त्या म्हणाल्या. "या खोलीत नाही लागायचं दही."

मी रेडिएटरला हात लावला. तो गार होता आणि त्याचे फिरवायचे बटण तर पूर्ण उघडे होते.

"आई, हा कधीपासून असा आहे?"

"मी आले तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

शाल सारखी करत त्या म्हणाल्या, "तुझा नवरा सांगत होता ना, गॅस किती महाग झालाय. मला वाटलं, माझ्या खोलीतला तुम्ही बंद ठेवलाय. एकटीसाठी कशाला जाळायचा?"

मी पातेले उचलले आणि यजमानांना हाक मारली.

दुरुस्तीवाला लवकर मिळेना, म्हणून आम्हीच कामाला लागलो. आधी इतर सगळे रेडिएटर बंद करून, पाणी फिरवणाऱ्या पंपाचा सारा जोर या एकावर आणला. फरक पडला नाही. मग रेडिएटर भिंतीवरून उतरवला, भिंतीतून आलेल्या त्याच्या दोन नळ्यांपैकी एकीला बागेतल्या नळाचा पाइप जोडला आणि दुसरीचे तोंड बादलीत सोडले. यजमान खाली बागेत, मी पाइप धरून, आणि सासूबाई स्टुलावर, बादलीवर नजर ठेवून.

"येतंय का काही, आई?"

"नाही गं. तुझा नवरा लहानपणी अभ्यासाला बसायचा, तसं चाललंय. बसलाय केव्हाचा, हाती काही नाही."

खिडकीतून खालचा आवाज आला, "मला ऐकू येतंय हं."

"येऊ दे. पाणी सोड तू."

शेवटी पाइप दुसऱ्या नळीला जोडून उलट्या बाजूने जोर लावला. नळी दोनदा खोकल्यासारखी झाली आणि बादलीत काळेभोर पाणी पडले. "शाळेत दौती धुवायचो, तसलंच पाणी," सासूबाई म्हणाल्या. ते नितळ होईपर्यंत त्या स्टुलावरून हलल्या नाहीत.

काही न मागणारे माणूस समजूतदार, असे मी लहानपणापासून मानत आले होते. त्यांनाही तेच शिकवलेले असणार. त्या शहाणपणापायी त्या थंडीत निजत होत्या आणि मी माझ्या चुका शोधत होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "रात्री फार उकडलं गं मला. ते कमी करायची काही सोय आहे की नाही?" त्यांनी माझ्याजवळ केलेली ही पहिली तक्रार. बटण कसे फिरवायचे ते मी दाखवले. त्यानंतर चहा पाणचट झाला, उशी उंच वाटली, माझे फोनवरचे बोलणे लांबले. तिकिटाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. वसंतापर्यंत त्या राहिल्या.

तुमच्या घरी राहायला आलेले वडीलधारे माणूस तुमच्याजवळ तक्रार करते का?