दंडाला पट्टा, तोंड मोकळं

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि बीपी आडवं आलं. डोळ्यांच्या दवाखान्यातनं मला एका डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांनी गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "आठवडाभर घरी मोजून वहीत लिहा. उतरलं नाही तर ऑपरेशन पुढं जाईल."

मला ते पुढं जाऊन चालणार नव्हतं. समोरचा माणूस ओळखीचा की परका हे कळेना, म्हणून मी सगळ्यांनाच हात करत होतो. निम्मे जण थांबून चौकशी करत आणि मी कुणाशी बोलतोय हे मला शेवटपर्यंत कळत नसे.

बीपीचं मशीन घेतलं. पण आमच्या पेठेत नवी वस्तू एकट्यानं वापरायची पद्धत नाही. रोज सकाळी ते तालमीच्या कट्ट्यावर जायचं आणि सगळे म्हातारे बाह्या सरसावून दंड पुढं करायचे.

एकाचा आकडा बघून दुसरा म्हणायचा, "एकशे बावन्न. अजून जोर हाय की गड्यात."

सगळ्यांत जास्त आकडा माझा, एकशे अडुसष्ट. का, याचा मी छडाच लावायला घेतला. लोणचं सोडलं, तेवढाच. चहा सोडला, तेवढाच. दंड बदलून पाहिला, तरी तेच.

पाचव्या दिवशी बायको मला बोलवायला कट्ट्यावर आली. माझ्या दंडाला पट्टा होता आणि मी एक किस्सा रंगात आणला होता. तिनं सगळं बघितलं.

"अहो, त्या मशीनला तरी एक शब्द बोलू द्या."

घरी तिनं मला खुर्चीत टेकून बसवलं. पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं गप्प. एवढी लांब पाच मिनिटं मी आयुष्यात काढली नव्हती. आकडा आला एकशे चोपन्न.

डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, कट्ट्याची हकीकत ऐकली. "बोलण्यानं चढलेलं उतरलं. उरलेलं कशाचं? गोळी रोज घेता?"

"डोकं जड झालं की घेतो."

"काका, बीपी डोक्याला कळत असतं तर मशीन कशाला लागलं असतं?"

ऑपरेशन पंधरा दिवस पुढं गेलं. मी रोज गोळी घेतली, कट्ट्यावर मशीन नेलं नाही. पुढच्या खेपेला आकडा एकशे चौतीस होता आणि गुरुवारची तारीख मिळाली. खुशीत मी विचारलं, "मग शुक्रवारपासनं गोळी बंद?"

डॉक्टरीणबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "गुरुवारी डोळा दुरुस्त होणार आहे, काका. रक्तवाहिन्या नाहीत."