दगडाबाईचा उकिरड्या

दगडाबाईच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव दगडा ठेवलं. दगड न्यायला यम कशाला येतोय? सत्तरीतही बाई खणखणीत होती. त्यामुळं गल्लीतल्या कुत्र्यांच्या बेवारस पिलांनाही ती तसलीच नावं द्यायची.

कांद्याच्या चाळीला राखण हवी म्हणून सरपंच आप्पासाहेब आले. त्यांना एक गुबगुबीत पिलू आवडलं, ते त्यांनी उचललं.

"ह्यो उकिरड्या," दगडाबाई म्हणाली.

"आम्ही वाघ्या म्हणू."

तिनं पिलू हिसकावून घेतलं. "नाव बदललं की दृष्ट लागती. तुमच्या मायनं बी तुमचं पाळण्यातलं नाव असंच ठेवलं व्हतं, म्हणून जगलात. सांगू का चारचौघांत?"

आप्पासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि मुकाट्यानं पिलू काखेत घेतलं.

"चल रे, उकिरड्या."