आबांची बदामी बॅग

हेडमास्तरांनी तुळशीचं पान तांब्यात बुडवलं आणि बॅगेवर पाणी शिंपडलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पान झटकलं. मगच बॅग हातात घेतली.

शाळेचा मोठा वर्ग होता. मुलं सतरंजीवर बसलेली. मी शिक्षकांच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर. आणि ज्यांनी ती बॅग केली ते आबा, माझे वडील, दाराबाहेर व्हरांड्यात उभे. धुतलेला सदरा, टोपी हातात. त्यांना समारंभाला बोलावलं होतं. आत या, असं कोणी म्हटलं नव्हतं.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. दाराकडे पाहिलं तर आबाही वाजवत होते.

आबांना जाऊन आता दीड महिना झाला. मी रोज थोडं थोडं लिहिते आहे. एखाद्या दिवशी एकच ओळ होते.

हेडमास्तर निवृत्त होऊन डोंबिवलीच्या नव्या घरी राहायला जाणार होते. निरोपाला काय द्यायचं, यावर शिक्षकांच्या खोलीत बोलणं चाललं होतं. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "चामड्याची बॅग द्या. आपल्या बाईंच्या घरचीच कला आहे. आणखी कुठे शोधायची?"

"कला म्हणा हवं तर," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. मी वह्या तपासत राहिले.

शहाडच्या रस्त्याला आमची वस्ती. तिथली शिकून मास्तरीण झालेली मी पहिली मुलगी. शिक्षकांच्या खोलीत माठ होता. मी माझं पाणी घरून बाटलीत नेत असे. कोणी तसं सांगितलं नव्हतं. सांगण्याची वेळ येऊ नये म्हणून मीच नेत होते.

आबांकडे कल्याणच्या कोर्टातले वकील यायचे, डॉक्टर यायचे. आबा त्यांना बॅग केवढी हवी हे विचारत नसत. आत काय काय ठेवणार ते विचारत. हेडमास्तरांबद्दलही त्यांनी मला तेच विचारलं. मी विचारून आले. पंचांग, चष्म्याचं घर, दोन पुस्तकं, तपकिरीची डबी. आबांनी वर्तमानपत्राची बॅग कापून जोडली, त्यात माझी पुस्तकं घातली, काढली, पुन्हा कापली. तीन वेळा. मग म्हणाले, "ते डावखुरे आहेत ना गं? रस्त्यानं जाताना छत्री डाव्या हातात असते त्यांच्या." आणि मूठ त्या हाताला बसेल अशी वळवली. ज्या हाताच्या वाऱ्यालाही त्यांना उभं राहता येत नव्हतं, त्याचं माप त्यांनी रस्त्यापलीकडून घेतलं होतं.

चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं. वर रंग नाही. भिजवलेल्या बदामाचं साल असतं तसा त्याचा स्वतःचा रंग. आरीनं एकेक भोक पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन्ही बाजूंनी टाके. आबांच्या हातून इतकं देखणं काम झालेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ते झाल्यावर म्हणाले, "सांग गुरुजींना, पंधरा दिवस पाणी लागू देऊ नका. तेल मुरायचंय अजून. लोखंडाच्या भांड्यातलं तर थेंबभरही नको. बाभळीच्या चामड्यावर काळं पडतं, मग जात नाही."

मी सांगितलं. हेडमास्तर हसले. "अहो बाई, बॅगेला आंघोळ कोण घालतंय?" सगळे हसले. मीसुद्धा.

समारंभाच्या दिवशी शिपायानं तांब्या व्हरांड्यातल्या लोखंडी पिंपातून भरून आणला.

शुद्ध करून घ्यायची रीत. त्यांच्या घरी जोडे आणले तरी असंच करत असतील. राज्यघटना येऊन तीन-चार वर्षं झाली होती. अस्पृश्यता नष्ट झाली, हा पाठ वरच्या वर्गांना हेडमास्तर स्वतः शिकवत. चांगला शिकवत. मुलं गप्प बसून ऐकत.

आठ दिवसांनी बॅग परत आली. शिपायानं आणली, उंबऱ्यावर ठेवली. आत चिठ्ठी होती, ती मीच वाचून दाखवली. "चामडे कच्चे निघाले. शाळेची शोभा झाली. योग्य ते करावे."

बॅगेवर काळे डाग पडले होते. लहानमोठे, पान झटकल्यासारखे.

आबांनी बॅग दारातल्या उजेडात धरली. एका डागावर बोट फिरवलं. "पाण्यानं," एवढंच म्हणाले.

"आबा, आपण जाऊन सांगू."

"काय सांगशील? तुमच्या तुळशीनं डाग पाडले? नवे हेडमास्तर त्यांचेच विद्यार्थी. तुझी नोकरी अजून कायम व्हायचीय, बाय."

आम्ही डोंबिवलीला गेलो. ओट्याखाली उभे राहिलो. हेडमास्तर वर झोपाळ्यावर. "तुमच्या हाताचं फार नाव ऐकलं होतं हो. असला माल?"

"चुकलं, गुरुजी," आबा म्हणाले. "दुसरी करून देतो."

मी शेजारी उभी होते. चाळीस मुलांपुढे तास न् तास बोलणारी. मला एक वाक्य बोलता आलं नाही. ओठ हलले असतील तर ते मला माहीत नाही.

दुसरी बॅग आबांनी काळी केली. गूळ आणि गंजके खिळे पाण्यात आंबवून आमच्यात काळा रंग करतात. जे एका जागी पडलं की डाग होतो, तेच त्यांनी चिंधीनं सगळ्या बॅगेला चोळलं. कानाकोपऱ्यात, मुठीला, टाक्यांच्या फटीत. "आता पडू दे किती पडायचं ते," म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

ती बॅग पोचवायला मी एकटीच गेले. हेडमास्तरांनी आत हाक मारली, "अगं, पाणी आण." शिंपडलं. थोडा वेळ थांबले. वाकून पाहिलं. काळ्यावर काय दिसणार?

"बघा," म्हणाले, "नीट केलं की नीट होतं."

घरी आबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"छान झालीय म्हणाले."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कामाला लागले.

त्यानंतर आबांनी बदामी बॅग केली नाही. गिऱ्हाईक मागायचं. आबा म्हणायचे, "काळीच करतो मी." एकदा बाजारात मी माझ्या कानांनी ऐकलं. एक वकील दुसऱ्याला सांगत होते, "काळं काम घ्या त्याच्याकडून. बदामी नाही जमत त्याला. शाळेची बॅग बिघडवली होती ना." मी कांदे निवडत होते. निवडत राहिले. हे दोन वर्षं चाललं. मग आबा आजारी पडले आणि उठले नाहीत.

आमच्या घरी शाळेतलं कोणी आलं नाही. मी पुन्हा कामावर रुजू झाले, त्या आठवड्यात जुने हेडमास्तर शाळेत मला भेटायला आले. शिक्षकांच्या खोलीत सगळे होते. ते खुर्चीवर बसले, मला बसा म्हणाले. आवाज मऊ होता.

"तुमचे वडील सज्जन माणूस. चुकलं की चुकलं म्हणायचे. उलट शब्द नाही. अशी माणसं आता कुठे?"

सगळ्यांनी माना हलवल्या.

मी उभी राहिले. "गुरुजी, त्यांचं चुकलं नव्हतं. ते डाग तुम्ही शिंपडलेल्या पाण्याचे होते. पाणी नको, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. मीच येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसला होता."

नवे हेडमास्तर म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाचं आता कशाला?"

"मी फक्त रीत पाळली," जुने म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. ते उठून गेले. चित्रकलेचे मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. घंटा झाली, आम्ही तासाला गेलो.

मला हलकं वाटलं नाही. आजही वाटत नाही. हे एका माणसानं ऐकायला हवं होतं, आणि त्या माणसाला मी दोन वर्षं 'छान झालीय' म्हणून फसवलं होतं. त्यावर काही उपाय नाही.

पण आबांच्या हाताला बदामी काम जमत नव्हतं, असं कल्याणात जो म्हणेल त्याला मी थांबवणार. बाजारात, कोर्टाच्या दारात, शाळेत. पाणी कोणी टाकलं ते नाव घेऊन सांगणार. आबा 'चुकलं' म्हणाले ते माझ्या नोकरीसाठी म्हणाले. ते मी परत घेतलं आहे. नोकरी अजून कायम झालेली नाही. न झाली तर न होवो. 'चुकलं' आता आमच्या घरातून कोणाला मिळणार नाही.