नलूमावशीच्या गाई

ऑफिस सुटल्यावर ॲन आर्बरच्या बसस्टॉपवर उभी होते, तेव्हा माझ्या मावसबहिणीचा, मायाचा फोन आला. "ताई, आई गेली... सकाळी, झोपेतच." फोनमधून नुसता मोंटानाचा वारा ऐकू येत राहिला. त्याला आता काही आठवडे झाले. लिहायचा धीर आत्ता कुठे होतोय.

नलूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नागपुरात रीतसर चित्रकला शिकलेली. लग्न झालं ते गुरांच्या डॉक्टरांशी. अरविंदकाका अमेरिकेत शिकायला आले, मोंटानातल्या एका लहानशा गावात प्रॅक्टिस करू लागले आणि पुढे तिथलीच एक गुरांची रँच घेऊन पक्के गुराखी झाले. मावशीने नागपुराहून रंगांची पेटी आणली होती. पण मुलं, गाई, गवत, बर्फ यांच्या धबडग्यात ती माळ्यावर गेली, ती गेलीच. मी इथे शिकायला आले त्या वर्षी मार्चच्या सुट्टीत तिच्याकडे गेले, तर विमानतळाबाहेर कानटोपी, गुडघ्यापर्यंत बूट आणि कपाळावर टिकली लावलेली बाई पिकअपला टेकून उभी! "बस लवकर, एक गाय अडलीये," हे माझं स्वागत. वाटेत मी विचारलं, "मावशी, चित्रं काढतेस का गं अजून?" तिने स्टीअरिंगवरचा एक हात उचलून दाखवला. भेगाळलेला, बोटं जाडजूड झालेली. "या हातांनी वासरू ओढून काढता येतं बाई. ब्रश नाही धरवत आता." हसतच म्हणाली, पण हात लगेच खाली घेतला.

घरात रोजचा वरणभात आणि अंगणापलीकडे मांसासाठी वाढवलेली गुरं, हा पेच तिला कधी सुटला नाही. हिवाळ्याच्या तोंडावर वासरं न्यायला ट्रक येत, त्या दिवशी ती स्वयंपाकघराबाहेर पडत नसे. मागे राहिलेल्या गाई कुंपणाशी उभ्या राहून दोन-तीन दिवस हंबरत. "यांच्याच जिवावर माझी पोरं शिकली," एवढंच ती म्हणायची.

साठी उलटल्यावर एका वसंतात काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नेमका गाई विण्याचा हंगाम, आणि काका पलंगावर. मावशी गोठ्यातून आली की त्यांची सरबत्ती सुरू व्हायची. वासरू कसं आहे? कान कसे? उभं राहतं का? एका संध्याकाळी सांगून सांगून ती थकली. तिने खाद्याची कागदी पिशवी फाडली आणि गाईंच्या पाठीवर खुणा करायच्या रंगखडूने वासरूच काढून त्यांच्या पुढ्यात टाकलं. काका किती तरी वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "नलू, हे तू सोडलंस कशाला गं?"

"तुम्ही आज विचारताय," मावशी म्हणाली.

हे तिनेच मला फोनवर सांगितलं. सांगताना रडत होती, की हसत, कळेना. चालायला लागल्याबरोबर काकांनी पहिलं काम काय केलं, तर खोगीर ठेवायची खोली रिकामी करून दिली. मग मावशी सुटलीच! पिशव्यांवर, प्लायवूडवर, पुढे कॅनव्हासवर, सगळीकडे गाई. काका गेल्यावर मुलं म्हणाली, आता आमच्याकडे ये. तिने गुरं आणि कुरणं शेजाऱ्याला चालवायला दिली, पण घर आणि ती खोली सोडली नाही.

गावच्या लायब्ररीत तिचं प्रदर्शन लागलं, तेव्हा मी गेले होते. मधोमध मोठं चित्र होतं, ट्रक गेल्यानंतरच्या सकाळी कुंपणाशी उभ्या असलेल्या गाईंचं. सगळ्यांचे चेहरे रस्त्याकडे. हॅट हातात धरून आलेली रांगडी माणसं त्यापुढे येऊन गप्प होत होती. मला धास्ती वाटली, यांना राग तर नाही ना आला? तेवढ्यात शेजारच्या रँचवरची म्हातारी बाई पुढे आली आणि तिने मावशीचा हात धरला. "मी त्या दिवसांत रेडिओ मोठ्याने लावते," ती म्हणाली, "तरी ऐकू येतंच." दोघी तशाच उभ्या राहिल्या... हात न सोडता.

अंत्यविधी आटोपल्यावर मी आणि माया मावशीच्या त्या खोलीत गेलो. टर्पेंटाइनचा वास अजून होता. काम करता करता मावशी खिडकी उघडून गाईंना सफरचंदाच्या फोडी द्यायची, त्यामुळे बाहेरून सगळी काच त्यांच्या ओल्या नाकांनी बरबटलेली. मायाने फडकं घेतलं, बाहेर गेली आणि काचेसमोर नुसतीच उभी राहिली. मागून एक तांबडी गाय आली. मायाला बाजूला सारत तिने काचेला नाक लावलं आणि आत बघू लागली.

"लेट इट बी, ताई," माया म्हणाली, आणि फडकं खिशात घालून सफरचंद आणायला घरात गेली.